खेळाडू-विद्यार्थ्याची शैक्षणिक पात्रता आणि सल्लागाराचे दायित्व

प्रास्ताविक

या घटकात आपण अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाव्यवस्थेच्या एका अंगाचा अभ्यास करणार आहोत. मैदानावर उतरण्यासाठी खेळाडूने अभ्यासात किती प्रगती केलेली असावी, ती कोणी मोजावी आणि त्याला अभ्यासाची वाट दाखवणाऱ्या सल्लागाराने नेमके कोणाचे हित पाहावे, हे या घटकातील प्रश्न आहेत.

प्रथम पार्श्वभूमी लक्षात घेऊ. अमेरिकेत विद्यापीठांचे फुटबॉल आणि बास्केटबॉल हे मोठे अर्थकारण आहे. (तेथील फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ, आपल्याकडील फुटबॉल नव्हे.) काही विद्यापीठांच्या मैदानांत लाखभर प्रेक्षक बसतात आणि सामन्यांच्या प्रक्षेपणाचे करार अब्जावधी डॉलर्सचे असतात. व्यावसायिक संघांकडे जाण्याचा रूढ मार्गही विद्यापीठातूनच जातो. त्यामुळे ज्याला मुळात खेळायचे आहे, अशा तरुणालाही विद्यार्थी व्हावे लागते. आपल्याकडे चित्र पुष्कळसे उलट आहे. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडापटूंना सवलतीचे गुण मिळतात. म्हणजे येथे खेळातून गुण मिळतात, तर तेथे गुणांवर खेळण्याची परवानगी अवलंबून असते. हा फरक मनात ठेवून पुढील विवेचन वाचावे.

श्रेयांक जमले, पण वाचता येईना

केविन रॉस हा कॅन्सस राज्यातील एका शाळेचा बास्केटबॉलपटू. १९७८ साली नेब्रास्का राज्यातील क्रेटन विद्यापीठाने त्याला क्रीडा-शिष्यवृत्ती देऊन प्रवेश दिला. प्रवेश-चाचणीत त्याला ३६ पैकी ९ गुण होते. विद्यापीठातील इतर विद्यार्थ्यांची सरासरी २३ च्या वर होती. तो चार वर्षे खेळला. १९८२ मध्ये बाहेर पडला तेव्हा पदवीसाठी आवश्यक असलेल्या १२८ श्रेयांकांपैकी ९६ त्याच्या नावावर जमा होते. परंतु त्याची भाषिक क्षमता चौथीच्या आणि वाचनक्षमता सातवीच्या विद्यार्थ्याइतकी होती. नंतर तो शिकागोतील एका शाळेत लहान मुलांच्या वर्गात बसून वाचायला शिकला.

हे ९६ श्रेयांक आले कोठून? रॉसने न्यायालयात सादर केलेल्या कैफियतीनुसार, क्रीडा विभागाच्या सल्ल्यावरून त्याने मातीकाम, नेमबाजी, बास्केटबॉलची तत्त्वे, फुटबॉलची तत्त्वे अशा अभ्यासक्रमांना नाव घातले होते. त्याचे नेमून दिलेले पाठ वाचण्यासाठी आणि निबंध तयार करून टंकलिखित करण्यासाठी विद्यापीठाने एक लेखनिक ठेवली होती, असेही त्याचे म्हणणे होते. खेळण्यासाठी लागणारी पात्रता मात्र त्याने चारही वर्षे राखली.

रॉसने विद्यापीठावर दावा लावला. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने दिलेला निकाल आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. डॉक्टराने उपचारात हयगय केली तर त्याला जबाबदार धरता येते; तसे ‘शैक्षणिक हयगयी’साठी विद्यापीठाला जबाबदार धरावे, ही रॉसची मागणी न्यायालयाने अमान्य केली. चांगले शिकवणे म्हणजे काय याचा न्यायालयाला वापरता येईल असा मापदंड नाही. विद्यार्थी शिकला नाही याचे कारण शिक्षक, घर, परिस्थिती की तो स्वतः, हे ठरवता येत नाही. आणि अशा दाव्यांतून न्यायालयांना शाळा-महाविद्यालयांच्या दैनंदिन कारभारात शिरावे लागेल, अशी कारणे देण्यात आली. एक अरुंद दार मात्र उघडे ठेवले गेले. विद्यापीठाने विशिष्ट साहाय्याचे वचन दिले असेल आणि ते मुळीच पाळले नसेल, तर तो कराराचा भंग ठरू शकतो. पुढे हे प्रकरण तडजोडीने मिटले.

न्यायालयाची कारणे असमर्थनीय नाहीत. तरीही त्यांचा परिणाम काय झाला, ते पाहा. खेळाडूला खरोखर शिक्षण मिळाले की नाही, याची हमी कायदा देत नाही, हे स्पष्ट झाले. ती हमी द्यायची तर दोनच आधार उरतात: क्रीडा संघटनेचे पात्रता-नियम आणि विद्यापीठातील शैक्षणिक सल्लागार. या दोहोंचा क्रमाने विचार करू.

नियम कसे घडले

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडेचे नियमन नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजेच एनसीएए, ही संघटना करते. १९०५ च्या हंगामात फुटबॉलच्या मैदानावर अनेक खेळाडू दगावले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले, आणि १९०६ मध्ये ही संघटना वेगळ्या नावाने स्थापन झाली. आजचे नाव १९१० पासूनचे. ‘खेळाडू-विद्यार्थी’ हा जोडशब्द मात्र १९५० च्या दशकातला आहे. मैदानावर जायबंदी वा मृत झालेल्या खेळाडूंच्या वतीने कामगार-भरपाईचे दावे येऊ लागले, तेव्हा खेळाडू हा नोकर नसून विद्यार्थी आहे असे ठसवण्यासाठी हा शब्द घडवण्यात आला. ही कबुली संघटनेचे दीर्घकाळचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनीच पुढे आपल्या पुस्तकात दिली. शब्दाचा जन्म असा हिशेबी असला, तरी एकदा ‘विद्यार्थी’ म्हटल्यावर तो शिकतो आहे हे दाखवणे ओघानेच आले.

१९६५ मध्ये प्रवेशाच्या वेळची गुणवत्ता पाहणारा एक नियम आला. १९७३ मध्ये तो रद्द होऊन त्याहून सैल नियम आला. रॉसचा प्रवेश या सैल काळातला आहे. १९८३ च्या अधिवेशनात ‘प्रपोझिशन ४८’ संमत झाला आणि १९८६ पासून अमलात आला. शालेय शिक्षणातील ११ गाभा विषयांत किमान २.० श्रेणी-सरासरी (४ पैकी) आणि प्रवेश-चाचणीत किमान ठरावीक गुण, अशी त्याची दुहेरी अट होती.

यावर मोठा वाद झाला, आणि तो उथळ नव्हता. चाचणीतील गुणांची अट गरीब आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना विशेष जाचक ठरते, असा आक्षेप होता. १९८९ मध्ये पुढचे पाऊल म्हणून अपात्र विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीही देऊ नये असा ठराव झाला, तेव्हा जॉर्जटाउन विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन निषेध म्हणून सामना सुरू होण्यापूर्वी मैदान सोडून गेले. त्यांच्या मते या नियमाने मुले शिक्षणाच्या दारातच अडत होती. याउलट, टेनिसपटू आर्थर ॲश यांनी कडक निकषांची बाजू घेतली. कृष्णवर्णीय मुलांकडून कमी अपेक्षा ठेवणे हाच त्यांचा अवमान आहे, असे त्यांचे मत होते. दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही त्याच मुलांच्या कळवळ्याने बोलत होते. पुढे चाचणीची अट टप्प्याटप्प्याने सैल होत गेली आणि २०२३ मध्ये पूर्णपणे रद्द झाली.

पात्रतेचा हिशेब

आजच्या व्यवस्थेत सर्वोच्च विभागातील, म्हणजे ‘डिव्हिजन वन’मधील, विद्यापीठात पहिल्या वर्षापासून खेळण्यासाठी १६ गाभा विषय आणि त्यांत किमान २.३ श्रेणी-सरासरी आवश्यक असते. या १६ पैकी १० विषय शाळेचे अंतिम वर्ष सुरू होण्यापूर्वी पूर्ण झालेले असावे लागतात. शेवटच्या वर्षी घाईघाईने विषय उरकण्याची पळवाट त्यामुळे बंद झाली.

प्रवेशानंतरचे नियम आपल्याला अधिक उपयुक्त आहेत, कारण श्रेयांकांची भाषा आपल्या परिचयाची आहे. खेळाडूने दर सत्रात पूर्णवेळ, म्हणजे साधारणतः १२ श्रेयांकांसाठी, नाव नोंदवलेले असावे लागते. दर सत्रात किमान ६ श्रेयांक मिळवावे लागतात आणि दुसरे वर्ष सुरू होण्यापूर्वी २४. त्यानंतर मोजमाप बदलते. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी त्याने निवडलेल्या पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण झालेला हवा, चौथ्या वर्षाच्या आरंभी ६० टक्के आणि पाचव्या वर्षाच्या आरंभी ८० टक्के. पदवी १२० श्रेयांकांची असेल तर हे आकडे अनुक्रमे ४८, ७२ आणि ९६ होतात. ‘निवडलेल्या पदवीचा’ हे शब्द येथे कळीचे आहेत. तिसऱ्या वर्षापूर्वी खेळाडूला पदवी जाहीर करावी लागते, आणि पुढे त्या पदवीला लागू होणारेच श्रेयांक धरले जातात. रॉसची नेमबाजी आणि मातीकाम यांचा रस्ता या एका शब्दप्रयोगाने अडवला.

संघांच्या पातळीवरही हिशेब असतो. शिष्यवृत्तीधारक प्रत्येक खेळाडूला दर सत्रात पात्र राहिल्याचा एक आणि विद्यापीठात टिकून राहिल्याचा एक असे दोन गुण मिळतात. त्यांवरून १००० पैकी संघाचा निर्देशांक काढतात. तो ९३० च्या खाली गेल्यास संघावर कारवाई होऊ शकते. कनेटिकट विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ २०११ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला. परंतु त्याचा निर्देशांक घसरल्याने २०१३ च्या अंतिम स्पर्धेत त्याला खेळता आले नाही. २०१४ मध्ये तोच संघ पुन्हा विजेता झाला.

स्वयं-अध्ययन : एका खेळाडूने दोन वर्षांत व्यवस्थापन शाखेत ५४ श्रेयांक मिळवले आहेत. आता त्याला १२० श्रेयांकांच्या जीवशास्त्राच्या पदवीकडे वळावयाचे आहे; तेथे त्याचे ३८ श्रेयांकच ग्राह्य धरले जातात. तो तिसऱ्या वर्षी खेळू शकेल काय? पुढे वाचण्यापूर्वी हिशेब करून पाहा.

नियमाचा दुसरा चेहरा

वरील खेळाडूला ४८ श्रेयांकांची गरज आहे. व्यवस्थापनात राहिला तर तो पात्र आहे. जीवशास्त्राकडे वळला तर दहा श्रेयांकांनी अपात्र. सर्वसामान्य विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षी मुख्य विषय बदलला तर फार तर त्याचे एखादे सत्र वाढते. याला मात्र हंगाम गमवावा लागतो, आणि हंगामाबरोबर कदाचित शिष्यवृत्तीही. अशा वेळी सल्लागाराने काय सांगावे?

सोपे उत्तर ‘विषय बदलू नकोस’ हे आहे. असे उत्तर वारंवार दिले गेले की एकाच संघातील खेळाडूंची एखाद्याच विषयात गर्दी झालेली दिसते. अमेरिकी अभ्यासक याला ‘समूहीकरण’ म्हणतात. तो विषय वाईटच असतो असे नाही. परंतु तो खेळाडूने निवडला की सरावाच्या वेळापत्रकाने, हा प्रश्न उरतो. शिक्षणाचे रक्षण करण्यासाठी केलेला नियम शिक्षणाची निवडच संकुचित करतो, ही विसंगती नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आली नसेल असे मानणे कठीण आहे. बहुधा त्यांनी ती स्वीकारली असावी.

यात वेळेचा प्रश्नही मिसळलेला आहे. १९९१ पासून सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. प्रवासाचे तास मात्र त्यात येत नाहीत आणि सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तीनच तासांचा धरला जातो. संघटनेच्या स्वतःच्या सर्वेक्षणांत मोठ्या विद्यापीठांतील फुटबॉलपटूंनी हंगामात खेळासाठी आठवड्याला चाळीसहून अधिक तास जातात असे सांगितले आहे. नोकरी, घर आणि अभ्यास एकाच वेळी सांभाळणाऱ्या आपणासारख्या विद्यार्थ्याला या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. दुपारची प्रयोगशाळा सरावाच्या वेळेवर आली की प्रयोगशाळाच वगळली जाते.

सल्लागार कोणाचा?

आपल्या अभ्यासकेंद्रातील समंत्रकाचे काम आठवा. तो विषय समजावून देतो, स्वाध्यायांबाबत मार्गदर्शन करतो; आपण उत्तीर्ण झालो नाही तर त्याच्या संस्थेचे फारसे बिघडत नाही. खेळाडूंच्या सल्लागाराची स्थिती तशी नसते. एनसीएएच्या नियमानुसार डिव्हिजन वनमधील विद्यापीठाने खेळाडूंना शैक्षणिक सल्ला व शिकवणीची सोय उपलब्ध करून देणे आवश्यक आहे. पण ही सोय अनेक ठिकाणी क्रीडा विभागाच्या अखत्यारीत असते. सल्लागाराचा पगार, बढती आणि वरिष्ठ त्याच विभागात. शनिवारच्या सामन्यात कोण खेळेल हे ज्याच्या कागदावर अवलंबून आहे, त्याच्याकडे शुक्रवारी प्रशिक्षकाचा फोन येणार, हे उघड आहे.

जॉर्जिया विद्यापीठातील जॅन केम्प यांचे प्रकरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्या पूरक अभ्यासक्रमात इंग्रजी शिकवत. १९८१ च्या अखेरीस या अभ्यासक्रमाच्या इंग्रजीत अनुत्तीर्ण झालेल्या नऊ फुटबॉलपटूंना वरच्या आदेशाने पुढे ढकलण्यात आले. १९८२ च्या नववर्षदिनी संघाचा मोठा सामना होता. केम्प यांनी विरोध केला आणि त्यांची नोकरी गेली. त्यांनी दावा लावला, आणि १९८६ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला. खटल्यात विद्यापीठाच्या वकिलाने केलेला युक्तिवाद असा होता की, अशा खेळाडूला आपण विद्यापीठीय विद्यार्थी करू शकलो नाही तरी लिहा-वाचायला शिकवले, तर कचरा उचलण्याऐवजी तो टपाल खात्यात काम करू शकेल. बचावासाठी केलेला हा युक्तिवाद कोणत्याही आरोपपत्राहून बोलका आहे.

केम्प यांच्या वेळी नियम उघडपणे मोडला गेला होता. पुढचे प्रकरण अधिक अस्वस्थ करणारे आहे, कारण त्यात नियम पाळलेला दिसत होता. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील परिसरात, १९९३ ते २०११ या काळात, आफ्रिकी व आफ्रो-अमेरिकी अध्ययन विभागात असे वर्ग चालले ज्यांत तास होत नसत आणि शिक्षकाची भेटही होत नसे. एक निबंध सादर करावयाचा. तो विभागातील एक कार्यालयीन कर्मचारी तपासत असे आणि गुण सढळ हाताने मिळत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालानुसार ३,१०० हून अधिक विद्यार्थी या वर्गांतून गेले आणि एकूण नोंदणीपैकी जवळजवळ निम्मी खेळाडूंची होती. काही सल्लागार खेळाडूंना जाणूनबुजून तिकडे पाठवत. २००९ मध्ये ती कर्मचारी निवृत्त झाली, तेव्हा सल्लागारांनी फुटबॉल प्रशिक्षकांपुढे रीतसर मांडणी केली: वर्गात न जाता, टिपणे न काढता मिळणारे हे श्रेयांक आता बंद होत आहेत, पात्रतेचे काय करायचे?

हे श्रेयांक पदवीला लागू होणारे होते. विषय शैक्षणिक होता, नोंदी व्यवस्थित होत्या. रॉसच्या वेळची पळवाट बंद करणारा नियम येथे अक्षरशः पाळला गेला होता. एनसीएएने २०१७ मध्ये या वर्गांबद्दल विद्यापीठावर कारवाई केली नाही. हे वर्ग केवळ खेळाडूंसाठी नव्हते, इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते, त्यामुळे आपल्या नियमांचा भंग सिद्ध होत नाही, असे तिच्या समितीचे म्हणणे पडले. मान्यता देणाऱ्या संस्थेने तत्पूर्वी २०१५ मध्ये विद्यापीठाला एक वर्ष देखरेखीखाली ठेवले होते. यातील निम्मे विद्यार्थी खेळाडू नव्हते, हेही विसरू नये. पोकळ वर्ग कोणालाही आवडू शकतो.

दायित्वाचे स्वरूप

वर्गात काय घडले हे नियमाला दिसत नाही. त्याला आकडा दिसतो. सल्लागाराला मात्र दोन्ही दिसतात, आणि त्याचे दायित्व येथूनच सुरू होते. खेळाडू पात्र आहे असे प्रमाणित करणे हे त्याचे काम असू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते काम नोंदणी कार्यालय आणि नियमपालन कार्यालय यांचे आहे. प्रत्येक सदस्य विद्यापीठाने क्रीडाव्यवहारावर लक्ष ठेवण्यासाठी एक प्राध्यापक-प्रतिनिधी नेमावा लागतो, तोही याचसाठी. प्रमाणित करणारा आणि सल्ला देणारा एकच असला, तर सल्ला प्रमाणपत्राच्या सोयीने दिला जातो. सल्लागार क्रीडा विभागाऐवजी शैक्षणिक प्रशासनाला उत्तरदायी असावा, या मागणीमागेही हेच कारण आहे.

मग सल्लागाराने करावे काय? पहिल्या सत्रातच विद्यार्थ्याला किती वाचता-लिहिता येते हे तपासावे. क्रेटनमध्ये हे कोणी केले असते, तर चार वर्षे लेखनिकाची गरज भासली नसती. साहाय्य आणि बदली यांतील रेषा त्याने आधीच स्पष्ट करावी. १९९९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात उघड झाले की क्रीडा-शैक्षणिक कार्यालयातील एका कर्मचारी स्त्रीने काही वर्षांत बास्केटबॉलपटूंसाठी सुमारे ४०० लेखन-कामे स्वतः केली होती. अशा गोष्टी एकदम घडत नाहीत. प्रथम व्याकरण सुधारले जाते, मग परिच्छेद, मग निबंध. विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदी गोपनीय ठेवणे हे १९७४ च्या एका केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे. जिज्ञासू पत्रकाराला किंवा उदार देणगीदाराला त्यांत डोकावता येत नाही.

सर्वांत अवघड काम मात्र कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. जीवशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या त्या खेळाडूला दोन्ही हिशेब सांगणे: विषय बदललास तर हा हंगाम जाईल, उन्हाळी सत्रात दहा श्रेयांक मिळवता आले तर कदाचित वाचेल, आणि विषय बदलला नाहीस तर पुढे काय जाईल. निर्णय त्याचा. परंतु दुसरा हिशेब त्याला सांगितलाच नाही, तर निर्णय त्याने घेतला असे म्हणता येणार नाही.

२०२४ पासून अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला एक हंगामही न गमावता कितीही वेळा विद्यापीठ बदलता येते, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. खेळाडूच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. त्याच्या घामावर इतरांनी पुष्कळ कमावले. तथापि विद्यापीठ बदलताना मागचे सगळेच श्रेयांक पुढे येत नाहीत. तिसऱ्या विद्यापीठात दाखल झालेल्या खेळाडूचे ८० श्रेयांक नव्या पदवीत ५५ धरले जाऊ शकतात. त्याला नव्या प्रशिक्षकाने जागा सांगितलेली असते, मध्यस्थाने रक्कम सांगितलेली असते. गेलेल्या २५ श्रेयांकांविषयी बोलणारा बहुधा एकच माणूस असतो, आणि त्याची भेट साधारणतः सही झाल्यानंतर ठरते.